फुग्याले दाखवलेलं उन्ह

लिही टीना. पयले नाव लिही, जागेश्वर. आडनाव राहू दे, आपल्या गावात ह्या नावाचा एकच मानूस हाये. तुह्या कॉलेजच्या पुस्तकात गावातल्या एका मानसावर लिहाचं हाये म्हनली ना तू? त आनंदराव पाटलावर कोनीबी लिहीन. त्याइचा फोटो दर पोळ्याले बॅनरवर लागते. जागेश्वर भाऊजीवर कोनी लिहिनार नाई, अन् लिहिलं तरी हसासाठी लिहीन. म्हनून तू लिही. मी जसं बोलीन तसंच लिहाचं. मधात शाळेतली भाषा घुसवाची नाई.

जागेश्वर भाऊजी माहे चुलत दीर. तुह्या आज्याच्या काकाचा पोरगा. घर आपल्या घराले लागून, मधात नुसतं काट्याचं कुंपन. मी लगन करून आली तवा त्याइले मिशीबी फुटली नोती. तवापासून पाहून राह्यली मी त्याइले. वाईट मानूस नाई, आळशी त बिलकुल नाई. पन काही मानसाइच्या हाती कोनी काही देत नाई ना बाई, तसे. मोठा भाऊ होता तवा वावराचा कारभार भावाच्या हाती. भाऊ गेला त भावाच्या पोराच्या हाती. गावात लगन राह्यलं का बाकीचे पंगतीत वाढे, अन् भाऊजी मागं पान्याचे गुंड भरे. कोनी मुद्दाम नोते करत. सवय पडली होती गावाले. त्याइलेबी पडली असन.

मंग एक साली गावात जीप आली. दोन-तीन शहरातले लोक उतरले अन् तलावाच्या पाळीवर इकडून तिकडं फिराले लागले. मान वर करून आभाळ पाहे. लोकाइले वाटलं तलावातला गाळ काढाले आले. कुंताबाई म्हने, "गाळ खाली हाये, हे वर काय पाहून राह्यले वो?"

दुपारी बंद पडलेल्या शाळेसमोरच्या निंबाखाली सारे जमले. त्याइच्यात एक प्रतिक्षा मॅडम होती, बारीक अंगाची, डोक्यावर टोपी. एक धनंजय सर होते, कमी बोलनारे. मॅडमनं सांगतलं का जगात आगीचे डोंगर हायेत. कधी कधी फुटतेत.

कुंताबाईनं लगेच इचारलं, "आमच्याकडं त नुसती टेकडी हाये. तिच्यावर बकऱ्या चरतेत. ते कशी फुटन?"

सारे हासले. मॅडमबी हासली. म्हने, "तुमची टेकडी नाही फुटणार, मावशी. पण डोंगर कुठंही फुटू दे, खूप मोठा फुटला तर त्याचा गंधकाचा धूर ढगांच्याही वर जातो. तिथं पाऊस नसतो, म्हणून तो धुतला जात नाही. त्याचे बारीक थेंब होतात आणि वर्ष-दोन वर्षं सगळ्या जगावर पसरून राहतात. ऊन त्यातून गाळून येतं, पातळ लुगड्यातून यावं तसं. मग कुठं थंडी वाढते, कुठं पाऊस कमी होतो."

आनंदरावले आपलं ज्ञान दाखवाचं होतं. म्हने, "पन वर सॅटेलाइट हाये ना मॅडम. ते पाहातच असन."

"पाहतं ना. पण विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी दिसतं. खारं की गोडं ते बादली सोडल्याशिवाय कळत नाही. आम्ही मोजायचं यंत्र बांधून फुगा सोडतो, तो म्हणजे उलटी बादली. वर सोडायची."

हे मले बराबर समजलं. अजून ध्यानात हाये.

डोंगर कधी फुटन हे कोनालेच मालूम नाई, म्हने. उद्या फुटन, नाई त माह्या मरनानंतर फुटन. पन फुटला का लवकर फुगा वर गेला पायजे. पयल्या आठ-दहा दिवसात आभाळात जे घडते ते मंग मागून पाहाले भेटत नाई. अन् फुगे मांगवाले गेलं त महिने लागतेत. म्हनून दोन फुगे गावातच ठेवाचे, शाळेच्या खोलीत, तयार. गॅसचे सिलेंडर नागपूरहून येतीन, मशीनचा डब्बा ते संग आनतीन. आपल्याकडचं आभाळ मोकळं, खाली धानाच्या बांध्या अन् तलाव, डब्बा पडला तरी कोनाच्या डोक्यावर पडनार नाई. म्हनून आपलं गाव.

"मग खोलीची चावी कोणाकडं द्यायची?" मॅडमनं इचारलं.

आनंदराव म्हने, "आमचा गोलू हाये ना. बारावी झाला."

गोलू तिथंच उभा होता. म्हने, "मी त पुढच्या महिन्यात पुण्याले जाऊन राह्यलो."

"आम्हाला गावातच राहणारं माणूस पाहिजे," मॅडम म्हने. अन् तिनं बोट दाखवलं. "काका, तुम्ही?"

भाऊजी नेहमीसारखे पान्याच्या ड्रमाजवळ उभे होते, हाती गिलास. त्याइनं मागं वळून पाह्यलं का कोनाले बोलावून राह्यली. मागं कोनी नोतं. निंबाचं झाड होतं.

अशी ते चावी त्याइच्या हाती आली. त्याइनं ते करदोड्याले बांधली. आंघोळीलेबी सोडे नाई. निर्मला, त्याइची बायको, मले कुंपनावरून सांगे, "बाई, ते चावी रात्री मले बोचते. मले सवतच आनली ह्या मानसानं."

काम तसं थोडं होतं. खोलीत ओल येऊ द्याची नाई, उंदीर येऊ द्याचा नाई, फोन बंद ठेवाचा नाई. एवढंच सांगतलं होतं त्या लोकाइनं. पन भाऊजीनं त्या थोड्या कामाचं मोठं काम केलं. खोली शेनानं सारवली. दारात निंबाचा पाला ठेवला. दरसाल हिवाळ्यात सर अन् मॅडम तालमीले येत. संग आनलेला नवा फुगा पाळीवर भरत अन् सोडत. फुगा म्हंजे पांढरा, म्हशीच्या पोटाएवढा, त्याखाली लाल छत्री, त्याखाली डब्बा. फुग्याचं तोंड धराचं काम भाऊजीचं. नख लागलं त फुटन म्हनून ते रोज नखं घासून ठेवे. धान रोवनारा मानूस, बोटं पाहाची होती त्याची! नवरीसारखी.

खोलीतले दोन फुगे तालमीले काढाचे नाईत. ते खऱ्या दिवसासाठी.

आता जे सांगून राह्यली ते नीट लिही, कारन सारं त्याच्यावर हाये. एक साली तालीम झाल्यावर मॅडम भाऊजीच्या घरी चहा प्यायले बसली होती. मीबी होती. भाऊजीनं इचारलं, "मॅडम, डोंगर फुटला अन् तुमी फुग्यानं मोजलं, त मिरगाच्या आधी आमाले सांगता येईन का जी, हलकं धान पेराचं का भारी?"

तू शहरात शिकून राह्यली म्हनून सांगते. हलकं धान लवकर निघते, पानी कमी लागते, पन पिकते थोडं. भारी धानाले दिवाळीपावतर पानी पायजे, पन ढोल्या भरते. पाऊस कमी झाला अन् तू भारी पेरलं त लोंबीत दानाच भरत नाई, नुसता फोल. पाऊस चांगला झाला अन् तू हलकं पेरलं त सालभर हात चोळत बसाचं. अन् ठरवाचं केव्हा? मिरगाच्या आधी, तलाव सुका राह्यते तवा. आमचं सारं जिनं ह्या एका गोष्टीवर.

मॅडमनं थोडा इचार केला. म्हने, "पक्कं नाही सांगता येणार, काका. पण अंदाज सांगता येईल. मोजलंच नाही, तर तोही नाही."

भाऊजीच्या कानात 'सांगता येईल' एवढंच गेलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर साऱ्या गावाले सांगतलं, "डोंगर फुटला का मी सांगीन, हलकं टाकाचं का भारी. मिरगाच्या आधी सांगीन."

ज्या मानसाच्या हाती कोनी कासरा देल्ला नाई, तो साऱ्या गावाले धान सांगाले निघाला! लोकाइनं मजा घेतली. गावात रामराम कराची पद्धतच बदलली. भाऊजी दिसले का आनंदराव म्हने, "काय गा जागेश्वर, फुटला का डोंगर?" मंग पोट्टेबी म्हने. अड्याळच्या बाजारात भाजी घेताना भाजीवालीबी म्हने. भाऊजी हासे. म्हने, "फुटन ना. मंग येजा माह्याकडंच इचाराले."

अन् खरं सांगू, हासता हासता लोकाइच्या मनात ते बसलंबी होतं. आनंदरावच एकदा तुह्या आज्याले म्हनला, "देवाजी, कधी खरंच फुटला त इचारू बापा त्याले. इचाराले काय जाते."

भाऊजी मात्र गाव सोडून कुठं जात नोते. शहापूरले साळीच्या पोरीचं लगन होतं, निर्मला एकटी गेली. "डोंगर आजच फुटला त?" म्हने. निर्मला चिडे. एक दिवस चुलीजवळ बसून म्हने, "लोकाइचा डोंगर फुटाची वाट पाहाची नाई. तिथंबी लेकरंबाळं राहत असतीन."

भाऊजीनं चुलीत काडी सारली. म्हने, "मी वाट नाई पाहून राह्यलो. तयारी करून राह्यलो."

आता ते उन्हाचं सांगते.

एक पावसाळ्यात झड लागली. शाळेचे कवेलू सरकले अन् खोलीत पानी गळलं. भाऊजी टोपलं डोक्यावर घेऊन धावले. फुग्याची काळी पेटी बाहेरून ओली झालेली. उघडली त आतून कुबट वास. पिशवीच्या आत बारीक घाम आलेला. त्याइले भारी धसका बसला. ओल लागू देऊ नका, हेच त एक सांगतलं होतं.

मंग पाऊस उघडल्यावर आपन काय करतो? बियान्याची ढोली अंगनात काढतो. गोदड्या काढतो, दाळ काढतो, वड्या-पापड काढतो. साऱ्याले उन्ह दाखवतो. उन्हानं ओल जाते, कीड मरते, चीज सालभर टिकते. माह्या सासूनं मले हेच शिकवलं, तिच्या सासूनं तिले. भाऊजीनं तेच केलं. निर्मलाचं लगनातलं लुगडं अंगनात हातरलं, हात धुतले, अन् दोनी फुगे लेकराले पायावर घ्यावं तसे अलगद उचलून त्याच्यावर ठेवले. दिवसभर जवळ बसले, हाती काडी घेऊन. कोंबडी आली का हुश्श, कावळा आला का हुश्श. सांजच्याले हात लावून पाह्यला. सुके, गरम. पिशवीत भरले, अन् माह्या अंगनात येऊन म्हने, "वाचलं वयनी. वाचलं सारं."

मंग दरसाल दसऱ्याच्या आधी ते फुग्याले उन्ह दाखवे. बियानं एका बाजूनं, फुगे दुसऱ्या बाजूनं. सारं गाव पाहे. आनंदराव रस्त्यावरून म्हने, "जागेश्वर, पापड झाले का तळाचे?" कुंताबाई म्हने, "किती जीव लावते वो." कोनाच्याच मनात आलं नाई का ह्याच्यात काही वावगं हाये. कसं येईन? उन्हानं बियानं खराब झालेलं आमी कोनी पाह्यलं होतं?

अन् हिवाळ्यातल्या तालमीले ते नवा फुगा आनत. मॅडम खोलीत डोकावे, पेट्या जागेवर दिसे, खोली कोरडी दिसे. म्हने, "काका, तुमच्यासारखी खोली आमच्या ऑफिसात कोणी ठेवत नाही." भाऊजी ते वाक्य निर्मलाले येऊन सांगे, निर्मला मले सांगे.

मंग औंदा, माघ महिन्यात, डोंगर फुटला.

समुद्रातल्या एका बेटावरचा होता. नाव मॅडमनं सांगतलं होतं, मले बोलता येत नाई. सकाळी भाऊजी गाईचं शेन काढून राह्यले होते, तवा फोन वाजला. मी कुंपनाजवळच होती. फोनमधून मॅडमचा आवाज येत होता, "काका, फुटला. खूप मोठा. परवा पोहोचतो आम्ही."

भाऊजीनं शेनाचा हात पाठीमागं धरला. पयली गोष्ट इचारली ते अशी, "तिथचे मानसं?"

"बेट रिकामं केलं होतं. पण काही राहिली, काका."

भाऊजी खाली बसले. निर्मला दारात उभी होती. मंग उठले, आंघोळ केली, नखं घासली, अन् खोलीकडं गेले.

ज्या दिवशी फुगा सोडाचा त्या सकाळी पाळीवर जत्रा भरली. आनंदराव सफेद कपडे घालून आलते. त्या दिवशी कोनीच 'फुटला का डोंगर' म्हनलं नाई. उलट इश्वर कुंभरेनं, ज्याची बांधी तलावाच्या शेवटच्या टोकाले हाये अन् ज्याले पानी साऱ्यात मागून भेटते, त्यानं भाऊजीचा हात धरला. म्हने, "भाऊ, नक्की सांगजा बापा. मागच्या दोन साली माहं भारी धान फोल गेलं."

"सांगीन गा," भाऊजी म्हने. "हा वर गेला का सांगीन."

हवा बिलकुल नोती. तलावावर धुकं होतं. सरनं सिलेंडर लावला, फुगा फुगाले लागला. भाऊजीनं तोंड धरलं. मले दुरून दिसे, त्याइचे ओठ हालून राह्यले होते, देवाचं नाव घेत असतीन. सरनं दोरीवर वजन पाह्यलं, मॅडमनं बोट वर केलं, अन् भाऊजीनं सोडला.

गेला. काय सुंदर गेला बाई. डब्बा मागून लटकत गेला. सिंदीच्या झाडाच्या वर गेला, मंग आनखी वर, तलावाच्या मधोमध. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. अन् तेवढ्यात फट् झालं.

मोठा आवाज नाई. वाळलेली शेंग उन्हात फुटते ना, तेवढाच. वरून पांढऱ्या चिंध्या आल्या. छत्री उघडाले जागाच भेटली नाई. डब्बा सरळ पान्यात.

पोट्टे टाळ्या वाजवतच राह्यले. त्याइले वाटलं असंच राह्यते. मी मॅडमकडं पाह्यलं. तिचं तोंड पांढरं फटक पडलं होतं. तवा मले कळलं.

भाऊजी धोतर वर न करताच तलावात शिरले. माघाचं थंड पानी, छातीपावतर गेले. डब्बा डोक्यावर धरून आनला, त्याच्यातून पानी टपके. पाळीवर ठेवला अन् म्हने, "दुसरा हाये ना जी. दुसरा सोडू."

सरनं दुसरी पेटी उघडली. फुगा बाहेर काढला, दोन बोटात धरून थोडासा ताणला. सुकलेल्या तलावाच्या तळाले जशा भेगा पडतेत, तशा बारीक बारीक भेगा त्या पांढऱ्या रबरावर उमटल्या. सरनं सोडून देल्ला.

"काका," मॅडम हळू बोलली, "हे पेटीतून बाहेर काढले होते का?"

भाऊजीच्या अंगावरून पानी गळून राह्यलं होतं. पन आवाजात काही लपवालपवी नोती. उलट, काम नीट केलं हे सांगाचा आवाज होता. "दरसाल जी मॅडम. दरसाल उन्ह दाखवलं. एक साल नाई चुकलं."

सर खाली पाहात म्हने, "रबर आहे ते. उन्हात मरतं."

मॅडम त्याइच्यावर डोळे वटारून म्हने, "आपण सांगितलं होतं का त्यांना? ओल सांगितली, उंदीर सांगितले. ऊन सांगितलं का?" मंग भाऊजीकडं वळली, "तुमची चूक नाही, काका. आमची आहे."

भाऊजी तिच्याकडं पाहून राह्यले होते, पन ऐकत नोते. त्याइच्या कानात एकच शब्द राह्यला होता. दिवसभर तोच बोलत होते, निर्मलानं गरम पानी देल्लं तवाबी, सांजच्याले मी पेज घेऊन गेली तवाबी. "मरते म्हने वयनी. उन्हात मरते."

औंदाच्या तालमीचा फुगा आधीच सोडून झालता, अन् नवा मांगवाले गेले त महिने लागनार होते. दुसरीकडं, दूर दूरच्या गावात असे फुगे ठेवले होते, तिथचे गेले म्हने. पन आपल्या आभाळातले पयले दिवस राह्यले ते राह्यलेच. मी मॅडमले इचारलं, "बाई, मंग आता धानाचं सांगता येईन का नाई?" तिनं मान हालवली. म्हने, "बाकीच्यांच्या मोजणीवरून काहीतरी निघेल, मावशी. पण मिरगाच्या आत इथलं सांगायला माझ्याजवळ काही नाही. खोटं नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी त्या लोकाइनं खोलीतलं सामान जीपमधी भरलं. आता सामान शहरात, थंड्या खोलीत ठेवनार होते. भाऊजीनं करदोड्याची गाठ सोडली. बरेच साल बांधलेली गाठ, सुटे नाई. शेवटी दातानं तोडली. मॅडम म्हने, "चावी असू द्या काका, शाळेचंच कुलूप आहे. तालमीला येऊच आम्ही." भाऊजीनं चावी जीपच्या सीटवर ठेवली, अन् चालाले लागले.

त्या हप्त्यापासून आभाळ बदललं. सांजचं आभाळ लाल, मंग जांभळं, दिवस बुडून गेला तरी तलावात लाली राहे. तूबी फोटो काढले होते ना? साऱ्याइनं काढले. गावोगावचे पोट्टे गाड्या घेऊन पाळीवर येत, रील बनवत. मॅडमनं सांगतलं होतं तसंच झालं, डोंगराचा धूर वर पसरला होता. गावातलं एकच मानूस सांजच्याले बाहेर निंघत नोतं. दिवस बुडाच्या आधी भाऊजी घरात जाये अन् दार लावून घे.

आनंदरावनं एकदाच तोंड उघडलं. टपरीवर म्हने, "काय गा जागेश्वर, जळले ना पापड?" कोनी हासलं नाई. इश्वर कुंभरे उठून निंघून गेला. त्यापासून भाऊजी टपरीवर गेले नाई. त्याइले पाहून आता कोनी डोंगराचं इचारत नाई. हे जास्त वाईट झालं, मी सांगून ठेवते. चिडवाचे तवा बोलाचे तरी.

अन् घरात नवंच सुरू झालं. निर्मलानं अंगनात काही वाळू घातलं का भाऊजी उठून ते आत नेत. मिरच्या आत, कपडे आत, लेकरासारखी गोदडी कवेत घेऊन आत. बोले काही नाई. निर्मला एकदा रागवली, एकदा रडली, मंग तिनं सोडून देल्लं.

आता मिरग तोंडावर आला. बियान्याले उन्ह पायजेच. परवा सकाळी निर्मलानं कुंपनावरून दोन टोपले माह्याकडं देल्ले. "बाई, तुमच्या अंगनात टाका. एकात हलकं हाये, एकात भारी."

"दोनी कायले वो?"

"कोनतं पेराचं ते कोनाले मालूम हाये?" ते म्हने.

खरंच हाये. गावात कोनाचंच ठरून नाई राह्यलं. कोनी म्हन्ते पाऊस येईन, कोनी म्हन्ते आभाळाचा रंगच बिघडला, यंदा काही खरं नाई. आनंदराव भारी टाकून राह्यले, त्याइची विहीर हाये. इश्वर कुंभरे रोज बांधीवर जाऊन उभा राह्यते अन् वापस येते.

मी दोन चटया टाकल्या. एकीवर हलकं, एकीवर भारी. उन्ह होतं, पन कसं, दुधात पानी घातल्यासारखं. सावली पडे त तिचे काठ दिसत नोते. काल दिवसभर ठेवलं, आज सकाळी पुन्हा टाकलं. दुपारी मी कोंबड्या हाकलाची काडी घेऊन ओसरीत बसली होती, त पाह्यते काय, भाऊजी कुंपनाच्या मोडलेल्या जागेतून हिकडं आले. मले वाटलं आता उचलतेत बियानं. मी उठली नाई. काय म्हनू त्याइले?

ते चटईजवळ बसले. भारी धानाचा एक दाना उचलला, दातात धरून चावला. वाळलेला दाना कट्ट वाजते, ओसरीपावतर ऐकू येते. वाजला नाई. मंग हलक्यातला घेतला. तोबी नाई वाजला.

"नाई वाळलं वयनी," म्हने. कितीतरी दिवसांनी त्याइचा आवाज ऐकला मी. "उन्हात दम नाई. अजून दोन दिवस ठेवा लागन."

मी म्हन्लं, "ठेवू ना. भाऊजी, तुमाले काय वाटते? कोनतं टाकाचं?"

त्याइनं मान वर केली. फुगा फुटल्यापासून पयल्यांदाच आभाळाकडं पाह्यलं त्याइनं, मी त असंच म्हनीन. सूर्य वर होता, पन डोळा लावून पाहता येईन इतका फिक्का. बराच येळ पाह्यलं.

"आज मले मालूम राह्यलं असतं, वयनी," म्हने.

मंग माह्या हातची काडी मांगून घेतली. दोनी चटयाइच्या मधात बसले, अन् कोंबडी आली का हुश्श करत, तिथंच बसून राह्यले.